रंगवलेलं पुस्तकांचं कपाट स्वतः बनवायचं असेल तर

लाकडाला रंगच तर द्यायचाय, मग सुतारकाम जरा कच्चं असलं तरी खपून जाईल, अशा समजुतीवर मी पहिलं कपाट बनवायला घेतलं. समजूत निम्मी खरी निघाली. स्क्रूची डोकी, सांध्यातली बारीक फट, चुकून पडलेलं भोक, हे सगळं लांबी (फटी-भोकं भरायची पुट्टी) आणि रंगाखाली गेलं. पण प्लायची खरबरीत कड, पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे आणि सुकलेल्या गोंदाचे डाग रंग दिल्यावर आधीपेक्षा जास्त दिसायला लागले. शिवाय वर्षभरात मधल्या फळीचं पोट सुटलं, ते वेगळंच.

त्यानंतर मी आणखी तीन कपाटं केली. खाली दिलेली पद्धत त्यांतल्या शेवटच्या दोन कपाटांची आहे. खाच पाडणं किंवा लाकडी खुंट्यांचे सांधे यांतलं काहीही तिच्यात लागत नाही. गोंद, स्क्रू आणि आधारपट्ट्या पुरतात. कपाट रंगवायचं असल्याने हे चालतं. पॉलिश करून लाकूड दाखवायचं असेल तर ही पद्धत तुमच्या कामाची नाही.

लागणारं सामान

टेप, गुण्या (काटकोन आखायची पट्टी), टोकदार पेन्सिल, ड्रिल मशीन, ३ आणि ४ मिमीची बिटं, स्क्रूचं डोकं आत बसवायला काउंटरसिंक बिट, निदान दोन लांब क्लॅम्प (चार असतील तर उत्तम), पाणसळ, लांबी भरायची पट्टी, पॉलिश पेपर (८०, १२०, १८०, २४० आणि ३२० नंबर), तो गुंडाळायला लाकडी ठोकळा, दीड-दोन इंची चांगला ब्रश आणि छोटा फोम रोलर. धुळीसाठी मास्क आणि डोळ्यांना चष्मा लागेलच. हाताने लांब सरळ करवतणं नवख्याला जमत नाही. मलाही अजून जमत नाही. त्यामुळे करवत यादीत नाही. कटिंग मशीनवर करून घ्यायचं.

माल: १८ मिमी प्लायचा एक शीट, पाठीसाठी ६ मिमी प्लाय, १२ × ३८ मिमीची सरळ लाकडी पट्टी साधारण ५ मीटर, सुतारकामाचा पांढरा गोंद, ४ × ५० मिमीचे साठेक स्क्रू, ३० मिमीचे वीस, पाठीसाठी १६ मिमीचे तीसेक, लाकडाची लांबी, अस्तर (रंगाआधी द्यायचा प्रायमर) आणि रंग.

१. आधी पुस्तकं मोजा

कपाटाची उंची-रुंदी ठरवण्याआधी जमिनीवर बसा आणि पुस्तकांचे उंचीप्रमाणे ढीग लावा. ए-फोर आकाराचं काहीही २९७ मिमी उंच आणि २१० मिमी रुंद असतं, ए-फाइव्ह याच्या निम्मं. नेहमीच्या पुस्तकांना २५० मिमीच्या आसपास खोली पुरते. ४०० मिमी खोल कपाट केलंत तर पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग कायमची विस्मरणात जाते.

दुसरं म्हणजे वजन. साध्या पुस्तकांची एक मीटर रांग सहज २५-३० किलो भरते. जाड, गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं असतील तर त्याहून बरीच जास्त. आणि फळी लांबीबरोबर सरळ हिशोबाने वाकत नाही. त्याच जाडीची, तशीच पुस्तकांनी भरलेली फळी दुप्पट लांब केली तर तिचा बाक सोळापट होतो. माझी पहिली फळी ११०० मिमीची होती. यातच सगळं आलं.

१८ मिमी प्लायला दोन आधारांमध्ये ८०० मिमीच्या पुढे जाऊ नका. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड) असेल तर ६०० वर थांबा.

२. प्लाय की एमडीएफ की लाकूड

एमडीएफवर रंग सुरेख बसतो, पृष्ठभाग काचेसारखा येतो. पण ते जड असतं, लवकर वाकतं, कडेत घातलेल्या स्क्रूने सहज फाटतं आणि कापताना उडणारी बारीक धूळ मास्कशिवाय नाकात जाऊ देण्यासारखी नसते. पाइनच्या फळ्या दिसायला छान, पण त्यांच्या गाठींमधला राळेचा अंश पांढऱ्या रंगातून काही महिन्यांनी पिवळा डाग होऊन वर येतो. लाख असलेलं सीलर गाठींवर आधी लावलं नाही तर किती हात रंग दिला तरी तो डाग येतच राहतो. पहिल्या कपाटाला प्लायच घ्या.

घेताना शीट जमिनीवर आडवा टाकून किंवा कडेवरून एक डोळा मिटून पाहा. पंख्याच्या पात्यासारखा पिळलेला शीट नंतर कशानेही सरळ होत नाही. घरी आणल्यावरही भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, सपाट ठेवा.

आणि जाडी मोजा. १८ मिमी म्हणून मिळालेला प्लाय बऱ्याचदा साडेसतरा किंवा सतराच भरतो. खालच्या आराखड्यात त्याने फारसं बिघडत नाही, पण स्वतःचा आराखडा काढणार असाल तर खरी जाडी हातात आल्याशिवाय एकही आकडा पक्का करू नका.

३. एका शीटमध्ये एक कपाट

हा आराखडा मला चौथ्या वेळेला सापडला आणि अजून मी त्यावर खूश आहे. कपाट १८०० मिमी उंच, ८०० रुंद, २८० खोल. शीट २४४० × १२२० चा. त्यातून लांबीच्या दिशेने पाच पट्ट्या काढायच्या: २८० च्या दोन, २६८ च्या दोन आणि ८० ची एक. बेरीज ११७६. मशीनचं पातं प्रत्येक कापाला साधारण ३ मिमी लाकूड भुसा करून टाकतं, म्हणून पाच कापांचे १५ धरा. झाले ११९१. शीटची मार खाल्लेली कड छाटायला थोडी जागाही उरते. पात्याचे हे ३ मिमी विसरणं ही नवख्याची सगळ्यात नेहमीची चूक. कागदावर सगळं बसतं आणि शेवटची पट्टी दीड सेंटिमीटर कमी पडते.

आता आडवे काप. २८० च्या पट्ट्यांतून १८०० च्या दोन उभ्या बाजू. २६८ च्या प्रत्येक पट्टीतून ७६४ चे तीन तुकडे, म्हणजे एकूण सहा फळ्या: वरची, तळाची आणि मधल्या चार. ८० च्या पट्टीतूनही ७६४ चे तीन तुकडे: दोन तळपट्ट्या आणि एक पाठपट्टी, जिच्यातून कपाट भिंतीला अडकवायचं. बाजूंमधून उरलेल्या तुकड्यांतून १८ मिमी रुंद, २४० लांब अशा आठ आधारपट्ट्या काढून घ्या. पाठ ७९४ × १७१४ ची.

पट्ट्या लांबीच्या दिशेनेच हव्यात याला कारण आहे. या मापाच्या शीटवर वरच्या थराचे धागे सहसा लांबीच्या दिशेने जातात आणि फळी त्या दिशेने जास्त भार पेलते. तरी कापण्याआधी धागे बघून घ्या. जागा वाचवायला एखादी फळी आडवी काढून घेतलीत तर तीच आधी वाकेल.

कटिंगवाल्याला कागदावर चित्र काढून द्या, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. आणि ७६४ चे सगळे तुकडे मशीनचं सेटिंग न हलवता एकापाठोपाठ कापायला सांगा. सगळे ७६३ निघाले तरी काही अडत नाही. आठ ७६४ आणि एक ७६२ निघाला तर मात्र त्या एका जागी बाजू आत ओढली जाते.

४. आखणी: दोन डाव्या बाजू बनवू नका

मी बनवल्या होत्या. दोन्ही बाजूंना एकाच हाताने, एकाच कडेवर आधारपट्ट्या लावल्या, उभ्या केल्या आणि मग लक्षात आलं की एकीच्या पट्ट्या बाहेर तोंड करून आहेत.

हे टाळायला दोन्ही बाजू जमिनीवर एकमेकींना चिकटवून ठेवा, मागच्या कडा मध्ये. खालची टोकं जुळवा. वरून पेन्सिलीने दोघींवर मिळून एक मोठा त्रिकोण काढा, टोक वरच्या दिशेला. पुढे कधीही गोंधळ झाला की त्रिकोण जुळवायचा.

आता गुण्या लावून दोन्ही बाजूंवर एकदमच आडव्या रेषा मारा. खालून उंची अशी: ८०, ४७८, ८३६, ११७४, १४९२. प्रत्येक रेषा म्हणजे फळीची खालची बाजू. यातून कप्पे खालून वर ३८०, ३४०, ३२०, ३०० आणि २७२ मिमीचे येतात. फळ्यांच्या पुढच्या पट्टीमुळे (ती पाचव्या पायरीत येईल) प्रत्येक कप्प्याचं तोंड २० मिमीने कमी होतं, त्यामुळे ए-फोर आकाराची पुस्तकं खालच्या दोन कप्प्यांत आरामात जातात, तिसऱ्यात जेमतेम.

प्रत्येक रेषेच्या ९ मिमी वर आणखी एक फिकट रेषा मारा आणि तशीच एक वरच्या टोकापासून ९ मिमी खाली, वरच्या फळीसाठी. स्क्रू या रेषांवर येणार. तिथे ४ मिमीची तीन-तीन आरपार भोकं आतल्या बाजूने पाडा, खाली टाकाऊ लाकूड ठेवून. ते नसेल तर पलीकडे प्लायचा छिलका उडतो. मग बाहेरून काउंटरसिंकने स्क्रूच्या डोक्यासाठी वाटी पाडा.

४७८ पासून पुढच्या चार रेषांखाली आधारपट्ट्या गोंद आणि ३० मिमी स्क्रूने बसवा. त्यांची मागची टोकं बाजूच्या मागच्या कडेशी जुळवा. इथे ४० मिमीचा स्क्रू वापरलात तर टोक बाहेरून डोकावेल: १८ अधिक १८ म्हणजे ३६.

५. फळ्यांची पुढची पट्टी

प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला १२ × ३८ ची लाकडी पट्टी ७६४ लांबीची कापून गोंदाने चिकटवा. वरची कड फळीशी सपाट, खाली २० मिमी लोंबती. कोरडी होईपर्यंत क्लॅम्प किंवा मास्किंग टेप घट्ट ओढून लावा, दोन-तीन बारीक चुका मारल्या तरी चालेल. या एका पट्टीने तीन कामं होतात: फळी ताठ होते, प्लायची कड झाकली जाते आणि लोंबत्या भागामागे आधारपट्ट्या लपतात. समोरून पाहणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. फळीची खोली बाजूंपेक्षा १२ मिमी कमी ठेवली ती यासाठीच.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. सुकलेल्या गोंदावर रंग नीट चढत नाही, तिथे वेगळीच चमक दिसत राहते.

६. जोडणी

आधी गोंदाशिवाय सगळं एकदा जोडून पाहा. गोंद लावल्यावर हाताशी दहाएक मिनिटंच असतात, तेव्हा शोधाशोध नको.

दोन्ही बाजू लांब कडेवर, पुढची कड जमिनीकडे करून उभ्या करा. मध्ये वरची आणि तळाची फळी ठेवा, क्लॅम्प आवळा. बाजूच्या भोकातून फळीच्या कडेत ३ मिमीच्या बिटाने भोक पाडा आणि मग स्क्रू मारा. बाजूतलं भोक ४ मिमीचं असल्याने स्क्रू तिथे मोकळा फिरतो आणि फक्त फळीत पकडतो, त्यामुळे सांधा ओढला जातो. दोन्हीकडे बारीक भोक ठेवलंत तर स्क्रू फिरत राहतो पण फट मिटत नाही. मला हे कळायला अर्धा दिवस आणि बरेच स्क्रू लागले.

नंतर तळाच्या फळीखाली तळपट्ट्या, एक मागे आणि एक पुढून ४० मिमी आत, म्हणजे उभं राहिल्यावर पायाचा अंगठा आपटत नाही. वरच्या फळीखाली मागे पाठपट्टी. मग मधल्या चार फळ्या, त्या आधारपट्ट्यांवर टेकवून ठेवायच्या. तिसरा हात लागत नाही.

आता कर्ण मोजा. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. या मापांना कर्ण साधारण १९७० मिमी येतो. आकडा किती हे महत्त्वाचं नाही, दोन्ही सारखे असायला हवेत. फरक असेल तर मोठ्या कर्णाच्या दिशेने क्लॅम्प लावून हळूच आवळा. सारखे झाले की गोंद ओला असतानाच पाठ ठेवून १६ मिमीच्या आठ-दहा स्क्रूंनी पकडा. पाठ नसलेलं कपाट हाताने ढकललं की समांतर चौकोनासारखं कलतं. ६ मिमीचा हा पातळ प्लायच त्याला काटकोनात धरतो.

पाठीला गोंद मात्र लावू नका. दुसऱ्या दिवशी ती काढायची आहे. पाठ वेगळी सपाट टाकून रंगवता येते आणि उघड्या कपाटात दोन्हीकडून ब्रश जातो. पाठ लावलेल्या कपाटाचे वीस आतले कोपरे ज्याने रंगवले आहेत त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

७. लांबी आणि घासकाम

निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो. जावा लागतो.

स्क्रूच्या वाट्या, फटी आणि बाजूंच्या उघड्या प्लाय-कडा यांत लांबी भरा. भरताना पृष्ठभागापेक्षा किंचित वर ठेवा, कारण सुकताना ती आत बसते. वाटी काठोकाठ भरून सपाट केलीत तर उद्या तिथे खळगा दिसेल. प्लायच्या कडेवर नुसती बोटाने फासून भागत नाही. पट्टीने दाबून थरांमधल्या पोकळ्यांत घुसवायची, सुकू द्यायची, घासायची आणि पुन्हा भरायची. बाजूंच्या पुढच्या कडांना मला तीन वेळा भरावं लागतं.

घासताना ठोकळा वापरा, बोटांनी घासलं की खळगे पडतात. नुसता उंचवटा काढायला ८०, मग १२०, मग १८०, आणि शक्य तितकं धाग्याच्या दिशेने. प्लायचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो. ८० नंबरने जोर केलात तर खालचा आडवा थर उघडा पडतो. तीक्ष्ण कडा हलक्या हाताने गोल करा. धारदार कडेवर रंग टिकत नाही आणि पहिला टवका तिथलाच उडतो.

८. अस्तर, आणि टॉर्च

धूळ झटकून ओलसर फडक्याने पुसा, सुकू द्या आणि अस्तराचा एक पातळ हात द्या. पाण्याचं अस्तर असेल तर लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात आणि हात फिरवल्यावर पृष्ठभाग खरखरीत लागतो. घाबरू नका, २४० ने हलकं घासलं की जातात.

आता खोलीत अंधार करा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. सपाट वाटलेल्या फळीवर खळगे, ओरखडे, गोंदाचे डाग, एखादं विसरलेलं स्क्रूचं भोक, सगळं सावलीसकट दिसतं. पेन्सिलीने खुणा करा, पुन्हा लांबी, पुन्हा घासा, अस्तराचा दुसरा हात. माझ्या पहिल्या कपाटात ही पायरी नव्हती, आणि दर संध्याकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं की मला ते कळत होतं.

९. रंग

तेलाचा इनॅमल कडक होतो, सपाट पसरतो, पण वास बरेच दिवस राहतो आणि पांढरा असेल तर काही वर्षांत पिवळसर पडतो. पाण्याचा ॲक्रिलिक इनॅमल लवकर सुकतो, पांढरा पांढराच राहतो. मी दुसरा वापरतो. तेलाचा घेणार असाल तर पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकणाऱ्या तेलाने ती आतून तापून पेटू शकतात. मोकळ्या जागी पसरून वाळवा, मगच टाका.

किती रंग लागेल? या कपाटाचा सगळा पृष्ठभाग सहा चौरस मीटरच्या आसपास भरतो. एक लिटर रंगात एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर होतं, म्हणजे दोन हातांना लिटर जेमतेम पुरेल.

आधी आतले कोपरे ब्रशने, लगेच सपाट भाग रोलरने, वरून खाली. रंग जाड लावला की ओघळतो, आणि ओघळ अर्धवट सुकलेला असताना ब्रशने दुरुस्त करायला गेलात की आणखी बिघडतो. तो पूर्ण सुकू द्या, मग घासा. दोन हातांच्या मध्ये ३२० ने नुसतं कुरवाळल्यासारखं घासा आणि पुसा.

१०. आता थांबा

हाताला कोरडा लागणारा रंग आतून कडक झालेला नसतो. पाण्याच्या इनॅमलला पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. मी तिसऱ्या दिवशी पुस्तकं लावली. महिन्याभराने एक जाड शब्दकोश ओढला तर तो चर्रकन आवाज करत सुटला, आणि त्याच्या खालच्या कडेचा निळा पट्टा आजही फळीवर आहे. निदान दोन आठवडे कपाट रिकामं, हवेशीर ठेवा. अगदीच राहवत नसेल तर फळीवर बटर पेपर अंथरून हलकी पुस्तकं तेवढी लावा.

११. भिंतीला लावणं

रंगवलेली पाठ आता कायमची बसवा, साधारण २०० मिमीवर एकेक स्क्रू. कपाट उभं करताना जमिनीपासून छतापर्यंत त्याच्या उंचीपेक्षा थोडी जास्त जागा लागते. हे १८०० चं कपाट तिरकं असताना १८२२ पर्यंत जातं, त्यामुळे अडचण नाही. पण हाच आराखडा छताला भिडेल इतका उंच केलात, तर आडवं जोडलेलं कपाट खोलीत कधीच उभं राहणार नाही.

भिंतीच्या तळाशी लाकडाची किंवा फरशीची पट्टी असेल तर कपाट तेवढं पुढे राहतं आणि मागे फट पडते. बाजूंच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत तेवढाच चौकोन कापून काढा, आणि मागची तळपट्टी तेवढी आत घ्या. हे आखणीच्या वेळी आठवलं तर बरं. रंगवल्यावर करवत चालवताना हात थरथरतो.

पाणसळ लावा, खाली पाचरी सारून कपाट सरळ करा. मग पाठपट्टीतून भिंतीत दोन लांब स्क्रू. पाठपट्टी आणि पाठ मिळून २४ मिमी त्यांतच जातात, म्हणून ७० मिमीच्या आसपासचे घ्या. भरीव भिंतीत प्लग बसवून, पोकळ भिंतीत आतलं उभं लाकूड शोधून त्यातच. घरात लहान मूल नसलं तरी हे टाळू नका. वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला कुणीतरी कधीतरी खालच्या फळीवर पाय देतंच.

जड पुस्तकं खाली. उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून पुस्तकं आडवी पडू नयेत म्हणून एल आकाराचे दोन-तीन टेकू करून घ्या, त्याच डब्यातला तळाशी राहिलेला रंग त्यांना पुरतो.